पाणी मोठं का मास्तर मोठा

सर आले हे आधी कानाला कळायचं. त्यांच्या खांद्याला एक कापडी थैली असायची, थैलीत चिंचोके, आणि ते चालायला लागले की थैली खुळखुळायची. व्हरांड्यात तो आवाज आला की आमच्या शाळेतले चांगले धडधाकट मास्तर खडू शोधायचं निमित्त करून वर्गात पळायचे. मी नवी होते, बीडहून आलेली, नोकरी कायम झालेली नव्हती. मला पळायचंसुद्धा सुचायचं नाही. मी आहे तिथंच उभी राहायचे.

तसं बघितलं तर भ्यावं असं त्या माणसात काही नव्हतं. उंच, वाळलेले, शर्टाची वरची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली. कधी कुणावर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. ते फक्त विचारायचे. आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाहीत.

"बाई, पाणी मोठं का मास्तर मोठा?" हे त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं.

मला वाटलं थट्टा करताहेत. मग कळलं, थट्टा त्यांना येतच नव्हती. एक शाळा घ्या, तिथं पाणी आहे पण मास्तर नाही. दुसरी घ्या, तिथं मास्तर आहे आणि पाणी नाही. तर मोठं कोण? मी म्हटलं, मास्तर. "किती मोठा?" म्हणत त्यांनी थैली टेबलावर उपडी केली आणि मला पाण्याचा एक ढीग, मास्तरचा एक ढीग असे चिंचोके वाटून घालायला लावले. पुढं मास्तर मोठा का इमारत, इमारत मोठी का हजेरी, असं चालू राहिलं. मी कंटाळून काहीतरी सांगत गेले. दुपारी मी डबा उघडला तर हे दारात. हजेरी मोठी का मास्तर? मी घास तोंडात ठेवून म्हटलं, हजेरी. त्यांनी इतक्या दुःखानं मान हलवली, की घरात कुणाचं तरी बरंवाईट झालं असावं असं वाटलं.

"गोल फिरलात, बाई. मास्तर इमारतीहून मोठा, इमारत हजेरीहून मोठी, आन हजेरी परत मास्तरहून मोठी. असं डोकं घिऊन लेकरं कशी शिकवावी?"

त्या दिवशी मी घरी जाऊन रडले, हे सांगायला मला आज काही वाटत नाही. राग माझ्या नाकावर असायचा, पण सरांपुढं तो राग कुठं जायचा कोण जाणे.

आमची संस्था सहकारी साखर कारखान्याच्या लोकांनी काढलेली. तिच्या तीन शाळा. एक आमची, धारूरच्या घाटाला चिकटलेली. दुसरी माजलगावकडे, कालव्यावरच्या गावात. तिसरी चौसाळ्याच्या बाजूला, हमरस्त्यावर. सर मूळचे गणिताचे, पण या तिन्ही शाळांवर देखरेख ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. कुठल्याशा शिबिराला ते गेले आणि तिथून हे निकषांचं शास्त्र शिकून आले. एखादी गोष्ट ठरवायची तर एकाच बाजूनं बघायचं नाही. जेवढ्या बाजू आहेत तेवढ्या मांडायच्या, त्या जोडीजोडीनं लढवायच्या, कोणती किती जड ते चिंचोक्यांनी ठरवायचं. आणि हे एकट्यानं नाही. हेडमास्तरला विचारायचं तसं खिचडी शिजवणाऱ्या मावशीला विचारायचं, पालकांना विचारायचं, टँकरच्या ड्रायव्हरलासुद्धा. प्रत्येकाला वेगळं गाठून. सगळ्यांचे ढीग एकत्र आले की भार पक्का. मग त्या भारानं शाळा मोजायच्या आणि जो निकाल येईल तो मान खाली घालून मानायचा.

"निकाल बघून भार बदलायचा न्हाई," हे तर ते प्रार्थनेसारखं म्हणायचे. "बदलला की ते गनित राहत न्हाई, बाई. मर्जी होती. मर्जीची मला लई भीती वाटती."

या वेडात शहाणपण नव्हतं असं नाही. आमच्या शाळेसाठी सगळे बाकं मागत होते. सरांनी ढीग मांडून दाखवलं की बाकं राहू द्या, आधी शाळेची वेळ सरकवा. पोरं सकाळी हापशावर घागरीच्या रांगेत अडकतात, पहिले दोन तास बुडतात, आणि ते तास गणिताचे आणि मराठीचे. वेळ सरकवली. दिवाळीपर्यंत चौथीची पोरं पाढे म्हणायला लागली. बाकं मात्र कधीच आली नाहीत, आणि मुख्याध्यापकांनी त्याबद्दल सरांना कधी माफ केलं नाही.

घरातही हेच. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा हसत सांगत होत्या. धारूरला भाड्यानं घर घ्यायचं होतं. दोन घरं पसंत पडली. सरांनी थैली काढली. ऊन कुठून येतं, आड कुठं आहे, शेजार कसा आहे, काकूंची चूल, स्वतःची झोप. आठवडाभर ढीग चालले, आणि बेरीज होईपर्यंत दोन्ही घरांत दुसरी बिऱ्हाडं येऊन राहिली. "मग राह्यलो की सहा महिने माज्या भावाकडं," काकू म्हणाल्या. हसता हसता त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, ते आधी असे नव्हते.

मग ती गोष्ट मला कळली. काकूंनी अर्धी सांगितली, उरलेली पुढं कधीतरी सरांनीच, सायकलला टेकून, माझ्याकडे न बघता. नव्या नोकरीत असताना सातवीतला एक पोरगा काठावर होता. वर ढकलायचा की बसवायचा, हे सरांनी एकट्यानं, एका मिनिटात ठरवलं. बसवला. बापानं त्याला शाळेतून काढून विहिरीच्या कामाला लावला. विहीर ढासळली.

"म्या एकट्यानं ठरवलं व्हतं, बाई," एवढंच ते म्हणाले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही ज्या माणसाला भीत होतो, तो आमच्या सगळ्यांहून भ्यालेला होता. चिंचोके ही त्याची आडोशाची भिंत होती.

मग लागोपाठ दुसरा दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी माणसं आभाळाकडे बघत होती, दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी वर बघायचंच सोडलं. धरणाचा तळ दिसत होता. ऊसच नव्हता, म्हणून आमच्या कारखान्याचं धुराडं थंड होतं. आणि कारखाना थंड म्हणजे संस्था थंड. कारखान्याच्या चेअरमननी, संस्थाही त्यांच्याच हातात, निरोप दिला की तीन शाळांची तीन हंगामी वसतिगृहं या साली झेपणार नाहीत. टँकर एकाच जागी जाईल. कुठं, ते सरांनी ठरवून द्यावं.

हंगामी वसतिगृह म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या घाटावरची बहुतेक घरं दसरा झाला की ऊस तोडायला जातात, लांब, पश्चिमेकडच्या कारखान्यांवर. पार उन्हाळा लागेपर्यंत तिकडेच, उसाच्या फडाशेजारी तळ टाकून, पाचटाच्या झोपड्यांत, त्यांना कोपी म्हणतात. पोरं मागं ठेवायला शाळेत एखादी खोली असली तर शाळा चालू राहते. नसली तर पोरं बरोबर जातात आणि परत येतात ती शाळा विसरूनच. त्यात मुली गेल्या की मला झोप यायची नाही. आठवीच्या पटावरची मुलगी पुढच्या वर्षी कुठं गेली म्हणून विचारावं, तर तिच्या सासरचं गाव कळायचं. माझ्या वर्गात तेव्हा अयोध्या नावाची मुलगी होती, सातवीत. बोलायला फटकळ, अक्षर देखणं. तिची आई मला हापशावर म्हणाली होती, बाई, तुमची खोली उघडी राहिली तर ही राहील, नाहीतर आमच्या संगं. एवढ्याच गोष्टीवर त्या पोरीचं सगळं टांगलेलं होतं.

सर महिनाभर तिन्ही गावं फिरले. माझ्याकडेही आले. "पाणी मोठं का मास्तर मोठा?" तोच प्रश्न. मी क्षणभरही विचार न करता म्हटलं, पाणी. दुसरं काय म्हणणार? सकाळी घागर अर्धीच भरून आलेली होती. मावशीनंही मूठभर चिंचोके पाण्यावर टाकले, ड्रायव्हरनं टाकले, पालकांनी टाकले. ज्याला विचारावं त्याच्या घशाला कोरड. त्यात खोटं कुणीच बोललं नाही.

आणि निकाल आला कालव्यावरच्या गावाचा.

कालव्याला पाणी नव्हतं, पण विहिरींना अजून ओल होती. म्हणून ते गाव वर गेलं. गरज नावाचा एक ढीग सरांनी मांडला होता, पण पाण्याच्या ढिगाखाली तो दिसेनासा झाला. त्या गावातून ऊस तोडायला माणूस जात नाही. तिथं ऊस लावतात. वसतिगृहात राहणार कोण, कावळे?

त्यातून ते चेअरमनचं गाव. लोक म्हणाले, विकला गेला मास्तर. मला माहीत होतं की नाही गेला, आणि तेच जास्त भीतीचं होतं. माणूस विकला गेला असता तर भांडता तरी आलं असतं. प्रामाणिक बेरजेशी भांडायचं कसं?

तरी मी भांडले. सर निकाल सांगायला आले तेव्हा पहिल्यांदाच माझा राग जागेवर आला. म्हटलं, सर, भार चुकलाय, बदला. त्यांनी थैली छातीशी धरली. निकाल बघून भार बदलायचा न्हाई, म्हणाले. मग मी विचारलं, तीन गावांतल्या सगळ्यांना विचारलंत, जिथं राहायचंय त्या पोरींना विचारलंत का? ते म्हणाले, त्या लहान हायेत. मी म्हटलं, वर्ग तिकडे आहे.

ते गेले. जमिनीवर बसले, चिंचोके ओतले. पाणी, मास्तर, इमारत, हजेरी, गरज, सगळे ढीग मुलींना समजावून सांगितले. मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी अयोध्या पुढं सरकली.

"सर, तुमच्या ढिगात कडी न्हाई."

"कसली कडी?"

"आतून लावायची. हितल्या खोलीला हाय. तळावर कोपीला दारच नस्तंय, लुगडं बांधतेत."

सरांनी विचारलं, "मग कडी काहून लागती?"

अयोध्यानं मान खाली घातली. शेजारच्या मुलीनं घातली. बघता बघता सगळ्या वर्गानं माना खाली घातल्या.  बाहेर बकरी ओरडत होती तेवढाच आवाज.  आई-बाप पहाटे फडात जातात आणि कोपीत मागं एकटं कोण राहतं, हे मला दर साली माहीत होतं. पण ते असं माझ्यासमोर माना खाली घालून कधी बसलं नव्हतं. सर उठले तेव्हा चिंचोके गोळा करायचे राहिले. मुलींनीच ते भरून थैली त्यांच्या हातात दिली.

बैठक कारखान्याच्या कचेरीत होती. सरांनी मला बरोबर चला म्हटलं, आणि नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. बंद कारखान्याच्या आवारातून आम्ही चालत गेलो. एवढी मोठी यंत्रं गप्प उभी होती. सर वाटेत दोनदा थांबले. दुसऱ्यांदा म्हणाले, बाई, माझं काळीज बघा कसं उडतंय. मी काय बघणार, माझंच उडत होतं. आमच्या संस्थेत चेअरमन कधी ओरडायचे नाहीत. ते हळू बोलायचे, आणि पंधरवड्यात त्या मास्तरची रवानगी कुठल्या कुठं झालेली असायची. माझी तर नोकरीच कच्ची.

चेअरमन खुशीत होते. सरांच्या गणिताचं त्यांनी सगळ्या सभासदांपुढं कौतुक केलं. मग सर उभे राहिले आणि म्हणाले की गणित चुकलं आहे. एक बाजू मांडायचीच राहिली. वसतिगृह घाटावर पाहिजे.

चेअरमननी चहाची बशी खाली ठेवली. "निकाल बघून बदलायचं न्हाई, तुमीच म्हंता ना, मास्तर? आता कोंच्या हिशोबानं बदलायलात?"

सरांचा हात थैलीकडे गेला. एका सभासदानं खोकून हसू दाबलं. मला वाटलं, आता थैली काढतील, नवा ढीग मांडतील आणि महिना जाईल. सरांनी काहीच काढलं नाही.

"हिशोब न्हाई," ते म्हणाले. "मला भ्या वाटतंय म्हनून."

सभासद मोकळेपणानं हसले. चेअरमन हसले नाहीत. कसलं भ्या, त्यांनी विचारलं. सरांनी सांगितलं, जसं वर्गात झालं तसं, कडीपासून मान खाली घालण्यापर्यंत. त्यांचा आवाज इतका कापत होता की शेवटची वाक्यं मला नीट ऐकू आली नाहीत. पण हसणं थांबलं होतं. त्या खोलीतल्या कितीतरी जणांच्या शेतात कोपी लागायच्या. चेअरमन बराच वेळ खिडकीबाहेर त्या थंड धुराड्याकडे बघत बसले. त्यांच्या मनात काय होतं मला कळलं नाही, आजही कळत नाही. मग हळू आवाजात म्हणाले, टँकर घाट चढेल, पण महिनाभर. तेवढ्यात पोरी जमल्या नाहीत तर टँकर बंद, खोली बंद, आणि मास्तर, तुमीबी बंद.

आम्ही जवळजवळ पळत परत आलो. गावात शिरलो तर दारांना कुलपं. दुष्काळामुळे मुकादमानं, म्हणजे तोडीला माणसं नेणाऱ्या ठेकेदारानं, टोळ्या लवकर हलवल्या होत्या. वसतिगृह कालव्यावर गेलं ही बातमी गावात आधीच पोचलेली. परक्या गावात पोरी ठेवायला कोण तयार होणार? ज्यांनी त्यांनी आपल्या पोरी ट्रॅक्टरवर बसवल्या. अयोध्याच्या दारापुढं एक म्हातारं कुत्रं तेवढं बसलेलं होतं. सर ओट्यावर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. महिनाभर मी ढीग घालत बसलो, म्हणाले.  मी बोलले असते तर वाईट बोलले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत होतो. सर, काकू आणि मी. पुढचे दिवस आम्ही तळामागून तळ पालथे घातले. कुणी पोरगी दिली, कुणी आम्हाला हाकललं. एका ठिकाणी मुकादमाची माणसं काठ्या घेऊन मागं लागली, की पोरी पळवणारे आलेत. त्या दिवशी आमची काही धडगत नव्हती. काकूंनी शिव्यांची लाखोली वाहिली म्हणून वाचलो. मिळालेल्या मुलींना घेऊन काकू पुढं परतल्या. अयोध्याचा तळ राहिला होता.

भर दुपारी पोचलो. उसाच्या पाचटाच्या कोपींची रांग, माणूस दिसेना. सगळे फडात. शेवटच्या कोपीपुढं लुगडं बांधलेलं. मी हाक मारली. आतून काही हललं, पण उत्तर नाही. मी परत हाक मारली, माझं नाव सांगितलं. लुगडं बोटभर बाजूला झालं आणि एक डोळा दिसला. अयोध्याच. कडेवर धाकटा भाऊ, आणि हातात कोयता. कोयता तिनं खाली ठेवला नाही, मी ओळखीची दिसल्यावरसुद्धा लगेच ठेवला नाही. 

दिवस कलताना आई-बाप आले. बाप सरळ माणूस, पण थकून गेलेला. त्यानं आम्हाला पाणी दिलं आणि सरळच सांगितलं की पोरगी देणार नाही. सरांनी टँकरचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, कडीचं सांगितलं.

"हितं मी हाय तिच्यापाशी," बाप म्हणाला. "तिथं तिला काय झालं, तर जबाबदार कोन?"

मी सरांकडे बघितलं. ‘संस्था’ म्हणतील, असं मला वाटलं. ‘चेअरमन’ म्हणतील, ‘सरकार’ म्हणतील, ‘बाई’ म्हणतील.  ज्या माणसानं त्या पोराच्या विहिरीपासून आजवर एक गोष्ट स्वतःच्या नावावर ठरवली नव्हती, तो त्या उसाच्या तळावर उभा होता आणि त्याचा हात थैलीकडे गेला नाही. 

"मी," सर म्हणाले.

बाप त्यांच्याकडे बघत राहिला.  मग आई उठली, लुगडं बाजूला सारून आत गेली आणि पोरीचे कपडे फडक्यात बांधून घेऊन आली.

परतीच्या एसटीत अयोध्या माझ्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली. सर समोरच्या बाकावर, दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून.  बीड जवळ आल्यावर माझ्याकडे वळून अगदी हळू, मुलीची झोप मोडू नये म्हणून, म्हणाले,

"बाई, म्या ‘मी’ म्हनलो ना? आता मला मरायचीबी सोय राह्यली न्हाई."